आकडा, छप्पर, मूठ

थोरलीची बोटं सकाळी तिच्याबरोबर उठत नसत. ती उठायची, पाय खाली टाकायची, केस बांधायला हात मागे न्यायची, आणि बोटं आपली तशीच, अर्धवट मिटलेली, झोपेत. लाडावलेला जावई उठेपर्यंत घरानं ताटकळायचं असतं ना, तसला प्रकार. नळ फिरवायला बोटं लागतात, पेस्टचं झाकण काढायला बोटं लागतात. इतकंच काय, वैतागून टेबलावर मूठ आपटायची म्हटली तरी आधी ती वळावी लागते, हेही साठी उलटल्यावर तिला कळून चुकलं.

थोरली म्हणजे दोन जावांमधली थोरली. धाकटी समोरच्या इमारतीत राहते, तिच्याकडे येऊच आपण, घाई नाही. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात, आणि ही एका बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला. छापून आलेला मोठा कागद दुमडायचा, दाबायचा, परत दुमडायचा, परत दाबायचा, तिसऱ्यांदा दुमडायचा, की झाली सोळा पानं. अशी सोळा सोळा पानं दुमडण्यात बाईचा उभा जन्म गेला. कुणाकुणाची अक्कल तिच्या बोटांखालून गेली असेल त्याला गणती नाही. वाचायला मात्र वेळ मिळाला नाही, आणि लिहिणाऱ्यांपैकी दोघातिघांना कारखान्यात भांडताना बघितल्यापासून त्याची खंतही उरली नव्हती.

"बाई, हात चालवा जरा," मालक म्हणाला.

"हात चालतोय हो. बोटं संपावर गेलीत."

मालक हसला नाही. त्याच्या कारखान्यात संप हा शब्द चेष्टेतसुद्धा काढायची सोय नव्हती. त्यानं तिला डॉक्टरकडे जायला सुट्टी दिली, तीही अर्ध्या दिवसाची, आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं.

हा डॉक्टर नुसत्या हातांचा. खांदा दुखत असेल तर शेजारचं दार. पोरगेलासा होता, पण माणूस बरा. त्यानं थोरलीचा हात हातात घेतला आणि शेंग चाचपावी तसं एकेक पेर दाबून बघितलं.

"मावशी, बोटांत हलवणारं मांस जवळजवळ नसतंच बरं का. ते इथं, कोपराच्या खाली. तिथून दोऱ्या येतात बोटांत. वरून दोरी ओढली की खाली बोट वाकतं."

"म्हणजे बोट आपणहून काही करत नाही?"

"काही नाही."

थोरलीला मुलाची आठवण झाली. बोलायचा तोच, पण ओढणारी कोपरावर बसलेली असायची. ती मान डोलावत म्हणाली, "कळलं. पुढं सांगा."

डॉक्टरला कुणी ऐकणारं मिळालं की तो फुलायचा. त्यानं सांगितलं, टोकाचा सांधा आणि मधला सांधा म्हणजे दाराची बिजागरी. मीट, उघड, संपलं. डावीकडे उजवीकडे बघायचं नाही. मुळाशी आहे त्या सांध्याला थोडी सूट, तो बाजूलाही सरकतो, पण मूठ वळली की ती सूटही बंद. आणि अंगठा? बाकीच्यांना पेरं तीन तीन, ह्याला दोनच. तरी रुबाब असा की वाटेल तिकडे वळतो आणि चौघांच्या उरावर चढून बसतो.

"आमचा मालक," थोरली म्हणाली.

मग त्यानं तिचा पंजा टेबलावर ठेवला, मधलं बोट आत दुमडून धरलं आणि म्हणाला, "आता करंगळीशेजारचं बोट एकटं उचला." थोरलीनं जोर लावला, दात खाल्ले, डोळे मिटले. बोट ढिम्म. "नाही उचलायचं ते," डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "धडधाकट माणसाचंही नाही उचलत. शेजारच्याच्या दोरीत अडकलेलं असतं." आपल्यात दोष नाही, रचनेतच आहे, हे ऐकून थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

बाकी दुखणं सरळ होतं. हाडांच्या टोकावरची मऊ गादी झिजली होती, सांधे गाठींसारखे फुगले होते. झिजलं ते काही परत येत नाही, पण उरलंय ते चालतं ठेवायचं. त्यासाठी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवायचे आणि मग व्यायाम. त्यानं आपल्या बोटांनी करून दाखवला. आधी बोटं सरळ. मग नुसती वरची दोन पेरं वाकवायची, तो आकडा. मग वरची पेरं ताठ ठेवून बोटं फक्त मुळाशी वाकवायची, ते छप्पर. आणि शेवटी मूठ.

"उजेडात करायचं, आणि नावं मोठ्यानं घ्यायची. मनात म्हटलं की लोक मधलं खातात."

"आणि मी नंतर बोटं मोडते, कडाकडा. बरं वाटतं. चालेल?"

"मोडा की. त्यानं काही भलं नाही आणि वाईटही नाही."

वाईट नाही म्हणे! पोरगा हाडांचा डॉक्टर होता, माणसांचा नव्हता.

थोरलीच्या घरात सकाळचा उजेड येतो तो एकाच खिडकीतून, आणि ती खिडकी उघडते ती थेट धाकटीच्या गॅलरीसमोर. मधे एक बोळ, दोन सायकली जेमतेम जातील एवढा. आता जावाजावांचं का बिनसलं ते सांगायला हवं. सासूबाईंचं लोखंडी कपाट थोरलीला द्यायचं ठरलं होतं. ते तिच्या दारातून आत जाईना. दोन बोटं कमी पडली. हमालांनी ते उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं, थोरलीनं चौकट तासायचीही तयारी दाखवली, आणि तेवढ्यात धाकटी मागून म्हणाली, "आमच्या दारातून जाईल." गेलं! वीसेक वर्षं झाली त्याला. तेव्हापासून दोघींत शब्द नाही. दोन बोटांवरून माणसं जन्माची तुटतात, मग देशाच्या सीमांवरून भांडणाऱ्यांना नावं कशाला ठेवायची?

तर धाकटी रोज सकाळी गॅलरीत येणार, आणि समोर काय बघणार? थोरली खिडकीत उभी. दोन्ही पंजे हिच्याकडे रोखलेले. बोटं कधी नखं काढल्यासारखी वाकतात, कधी सपाट होतात, ओठ हलतात, आणि आवाज येतो, "आकडा... छप्पर... मूठ." आणि शेवटी कड, कड, कड, दहाही बोटं मोडून बाई आत.

पहिल्या दिवशी धाकटी नुसती चिडली. आपल्या नावानं बोटं मोडतेय म्हणजे काय! पण त्याच आठवड्यात वारं सुटलं आणि तिच्या गॅलरीवरचा पत्रा उडून बोळात पडला. छप्पर! मग तिनं रक्त तपासलं तर साखरेचा आकडा वाढलेला. आकडा! (गोड काय काय खाल्लं होतं, ते बिचारीनं आठवायचं टाळलं.) राहिली मूठ. मूठ मारतात म्हणजे काय, हे धाकटीला तिच्या आजीनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मंत्र घालून मूठ रोखायची, की समोरचा आडवा. लहान पोरीला झोप यावी म्हणून सांगितलेली गोष्ट, पण साठी जवळ आली तरी तिच्या मनातून गेली नव्हती.

धाकटीनं हे फक्त एका बाईला सांगितलं, आणि तिला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. दोन्ही इमारतींना कळायला तेवढं पुरेसं होतं.

मग काय विचारता! ज्या बाईला लिफ्टमध्ये कुणी "कितवा मजला?" म्हणून विचारत नसे, तिच्यासाठी लोक दार धरून उभे राहू लागले. भाजीवाला तिच्या पिशवीत आपणहून चांगले टोमॅटो टाकायचा आणि वर हात जोडायचा. कारखान्यात एक बाई धाकटीच्या ओळखीतली निघाली, त्यामुळे मालकानं थोरलीला पाठ टेकायची खुर्ची दिली आणि हात चालवा म्हणायचं सोडून दिलं. मुलगा आधी महिन्याकाठी एखादा फोन करायचा, तोही घाईत. त्याच्याही कानावर हे गेलं आणि तो रोज संध्याकाळी फोन करू लागला. "आई, जेवलीस का? बोटं कशी आहेत?" मागून सून सांगायची, "माझा नमस्कार सांगा हो त्यांना." नमस्कारात कापरं असायचं, पण थोरलीला ते चालत होतं. संध्याकाळ झाली की ती फोन मांडीवर घेऊन बसायची आणि वाजला की मुद्दाम जरा वाट बघून उचलायची.

इमारतीचे अध्यक्षही येऊन गेले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले गृहस्थ.

"आमचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही हं," बसता बसता त्यांनी सांगून टाकलं. "पण तो तिसऱ्या मजल्यावरचा रोज फाटकापुढं गाडी लावतो. सांगून दमलो. त्याच्यासाठी एखादं... म्हणजे सगळी नकोत. नुसती करंगळी. गाडीपुरतं."

"बघू," थोरली म्हणाली.

दोन दिवसांत त्या गाडीचं चाक बसलं. बोळात पत्रा दुरुस्त करणाऱ्यांनी खिळे सांडून ठेवले होते, चाक बसणार नाही तर काय उडेल? पण अध्यक्ष तेव्हापासून तिला वाकून नमस्कार करू लागले. विश्वास नसतानाही.

थोरली एका शब्दानं खोटं बोलली नाही, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं. कुणी विचारलंच नाही, तिनं सांगितलं नाही. फक्त आता ती केस नीट करून खिडकीत यायची, आणि "मूठ" म्हणताना जरा थांबायची. समोर गॅलरीचं दार धाडकन लागायचं. मजा वाटायची तिला, का नाही वाटणार? आयुष्यभर कुणाला आपली दखल घ्यावीशी वाटली नाही, आणि आता बोट वाकवलं तर दोन इमारती हलत होत्या.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी दीर दारात उभा राहिला. हा धाकटीचा नवरा, अतिशय गरीब माणूस, वीस वर्षं दोन्ही घरांच्या मधल्या बोळात खाली मान घालून चालला. आज त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वहिनी, ती दवाखान्यात आहे. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, पिशवी सुजलीय. आजच काढायला हवी, नाहीतर आतल्या आत फुटेल म्हणतात. आणि ती ऑपरेशनला तयारच होत नाही. म्हणते, ताईंनी मूठ मारलीय, टेबलावर चढले की परत येणार नाही. तुम्ही येऊन मूठ सोडवा. पाया पडतो तुमच्या."

धाकटीचं वाटोळं व्हावं असं थोरलीला पुष्कळदा वाटलं होतं, कपाटाच्या दिवशी तर फारच. पण ती मरावी असं कधी वाटलं नव्हतं. "अहो भावजी, तसलं काही नाही हो," म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तिचा हात कुणीतरी दाबला. दुपारची गप्पांना आलेली शेजारीण. थोरलीच्या धाकाचा फायदा थोरलीखालोखाल हिलाच झाला होता.

"वेड लागलंय का?" शेजारणीनं तिला आत ओढून कानात सांगितलं. "खरं सांगितलं तर ती मानणार आहे का? तिथं जा, मूठ वळ, काहीतरी पुटपुट आणि सोड. ती टेबलावर चढेल, वाचेल, आणि तुझं नाव दुप्पट होईल. मारतेही आणि तारतेही! साप मरेल, काठी मोडायची नाही. आणि खरं सांगून बस. उद्यापासून तुला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. मुलाचा फोन बंद झाला म्हणजे मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

कटू होतं, पण खोटं नव्हतं. थोरलीला सगळ्यात जास्त लागलं ते फोनचं. खुर्ची गेली तर गेली, टोमॅटो काय, मऊही चालतात. पण संध्याकाळचा तो फोन! भीतीनं का होईना, पोरगा विचारत होता. गाडीत बसल्यापासून ती एकेक बोट ओढत, मोडत होती, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं की मूठ वळायची आणि सोडायची.

खोलीत गर्दी होती. धाकटीच्या काळजीनं दोघंतिघं आले असतील, बाकी सगळे मूठ सुटताना बघायला. अध्यक्ष तर पलंगाच्या पायथ्याशी, अगदी पुढच्या रांगेत.

धाकटी पलंगावर एवढीशी दिसत होती. एका हाताला सलाईन, ओठ सुकलेले. थोरलीला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"झोप, झोप," थोरली म्हणाली. वीस वर्षांनंतरचा पहिला शब्द तो हा. तिनं पुढं होऊन उजवा हात वर धरला आणि हळूहळू मूठ वळली.

"थांबा ताई," धाकटी म्हणाली. "आधी मला बोलू द्या. सुरुवात तुम्ही नाही केली. मी केली."

"कसली?"

"बोटं मोडायची. कपाट घरात आल्यापासून रोज तुमच्या नावानं मोडत होते. वीस वर्षं."

"अगं पण कपाट तर तुला मिळालं होतं!"

"मिळालं. पण त्याचं दार एक दिवस धड लागलं नाही. म्हटलं, तुमचीच हाय लागली. ते दार करकरलं की मी बोटं मोडायची. तुमची बोटं वाकडी झाली ना ताई, ती त्यानंच. तुमचं कामाचं साधन मी मोडलं. तेच आता माझ्यावर उलटलं. मी मेले तरी माझं काही म्हणणं नाही, पण मनात ठेवून मरायचं नव्हतं." आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

थोरलीची मूठ तशीच वर राहिली. ती आता सोडायची म्हणजे, हो बाई, मी तुला मारत होते आणि तू मला, असं दहा माणसांसमोर कबूल करायचं. आणि ही खुळी, टेबलावर जिवंत राहो की न राहो, दुसऱ्याचे हात अधू केल्याचं पाप गळ्यात बांधून आत जाणार! थोरलीला तिची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि ह्या दोन्हींचा मिळून तिला संताप आला.

"गप!" ती ओरडली. "तुझ्या बोटांत एवढा दम असता तर मी केव्हाच वर गेले असते. कागद दुमडून दुमडून झालंय हे. सांध्यांमधल्या गाद्या झिजल्यात. आणि मी खिडकीत करते तो व्यायाम आहे, डॉक्टरनं दिलेला. उजेडासाठी खिडकीत येते, तुझ्यासाठी नाही!"

"खोटं सांगताय. मला बरं वाटावं म्हणून."

"आण तो हात इकडे." थोरलीनं पलंगावर बसून तिचा मोकळा हात आपल्या मांडीवर घेतला. "हं, बोटं सरळ कर. आता वरची पेरं वाकव. आकडा म्हणतात ह्याला. आता ती ताठ ठेव आणि मुळाशी वाकव. हे छप्पर. आता सगळी मिट. झाली मूठ. कोण मेलं?"

शेजारणीनं कपाळावर हात मारला. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे ती गाडी..." ते म्हणाले.

"खिळा होता! विज्ञान शिकवत होता ना तुम्ही?"

खोली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. एकजण जाता जाता म्हणालाच, उगाच कामधंदा सोडून आलो. थोरलीनं तिकडे बघितलं नाही. धाकटीची मधली पेरं तिच्या बोटांत होती, आणि तीही फुगलेली, गाठाळ, हुबेहूब तिच्यासारखी. इतकी वर्षं समोरासमोर राहून एकमेकींचे हात कधी बघितलेच नव्हते.

"दुखतात?" तिनं विचारलं.

"सकाळी फार," धाकटी म्हणाली. मग बराच वेळ ती आपली बोटं वाकवून, सरळ करून बघत राहिली. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "सांगा त्यांना. तयार आहे म्हणावं."

लगेच धावपळ झाली. ढकलगाडी आली, हिरवे कपडे आले. थोरली गाडीच्या कडेनं दारापर्यंत चालत गेली. दाराशी धाकटीनं तिचा पदर धरला.

"ताई, मला भीती वाटते. माझ्यासाठी मोडा ना एकदा. चांगली. लेकराच्या तोंडावरून हात फिरवून मोडतात तशी."

नर्सनं घड्याळ बघितलं. थोरलीनं धाकटीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, बोटं आपल्या कानशिलांवर टेकवली आणि दाबली. एकही वाजलं नाही. वाजणार कुठून? येताना गाडीत काळजीनं सगळीच्या सगळी मोडून झाली होती, आणि एकदा मोडलेलं पेर लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही. तिनं जोर लावला, दुखेपर्यंत लावला. नाहीच. धाकटी डोळे मिटून कान देऊन पडली होती.

तेव्हा थोरलीनं जीभ टाळूला लावली आणि तोंडानंच आवाज काढला. कट. कट. कट. कट. नर्स बघतच राहिली.

"वाजली?" धाकटीनं डोळे न उघडता विचारलं.

"वाजली की. ऐकलीस ना?"

"अंगठे राहिले."

"हे घे," थोरली म्हणाली, आणि तिनं अंगठेही वाजवले.